स्विचच्या स्टॅकमध्ये कॉन्फिग नेमकी राहते कुठे?

प्रश्न असा आहे: परभणीच्या एका कॉलेजात सिस्को कंपनीच्या ४८ पोर्टच्या चार कॅटलिस्ट २९६०-एक्स नेटवर्क स्विचचा स्टॅक आहे, म्हणजे चारही मागून खास केबलने एकत्र जोडलेले आहेत. वळवाच्या पावसात वीज कोसळली आणि तिसऱ्या नंबरचा स्विच जळाला. लाइट गेली, आली, उरलेले तीन सुरू झाले, पण गेल्या महिन्याभरात कॉन्फिगमध्ये, म्हणजे स्विचच्या सेटिंगमध्ये, केलेले बरेच बदल गायब. आता नवा स्विच आलाय. प्रत्येक स्विचची कॉन्फिग वेगळी असते का, बॅकअप चारही स्विचचा घ्यायचा का, आणि जळालेल्याची कॉन्फिग आणायची कुठून?

नवा स्विच अजून खोक्यात असेल तर हे वाचून होईपर्यंत तो खोक्यातच राहू द्या. जळालेल्या स्विचच्या ४८ पोर्टची कॉन्फिग बहुतेक शाबूत आहे, उरलेल्या तिघांकडे आहे. ती टिकते की जाते हे नवा स्विच तुम्ही कसा जोडता त्यावर ठरेल. मी संभाजीनगरला राहतो. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांपासून लातूर-नांदेडच्या कॉलेज-दवाखान्यांपर्यंत १७ वर्षं हेच काम करतोय. स्टॅकमध्ये जी मोठी नुकसानं मी पाहिली, ती स्विच जळाल्यामुळे फार कमी झाली. जळालेला बदलताना जास्त झाली.

कमांड मी खाली उच्चाराप्रमाणे लिहितोय, स्विचवर त्या इंग्रजीतच टाकायच्या.

स्टॅक म्हणजे बाहेरून बघणाऱ्यासाठी एकच स्विच. एक नाव, एक आयपी, एक पासवर्ड, एकच कॉन्फिग. चौघांपैकी एक मास्टर असतो, कॉन्फिग तो चालवतो आणि बाकीच्यांना तिची प्रत देत राहतो. सामायिक जमिनीचा सातबारा एक असतो आणि त्यात प्रत्येकाचा हिस्सा लिहिलेला असतो, तसंच हे. पोर्टच्या नावातला पहिला आकडा हाच तो हिस्सा. 'गिगाबिट ३/०/१७' म्हणजे तिसऱ्या मेंबरचं, स्टॅकमधल्या तिसऱ्या स्विचचं, १७ नंबरचं पोर्ट. त्यामुळे चालू कॉन्फिग दाखवणारं 'शो रन' एकदा घेतलं की चारही स्विचची पोर्टं त्यात आली. चार वेळा चार ठिकाणी लॉगिन करून बॅकअप घ्यायची गरज नाही. मास्टर गेला तर दुसरा मेंबर त्याच्याकडच्या प्रतीवरून मास्टर होतो आणि कारभार पुढे चालतो.

मग तुमचे महिन्याभरातले बदल गेले कुठे? ते रनिंग कॉन्फिगमध्ये होते, म्हणजे मेमरीत. 'राइट मेमरी' किंवा 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' दिल्याशिवाय ते फ्लॅशमध्ये, म्हणजे लाइट गेली तरी टिकणाऱ्या साठवणीत, जात नाहीत. २९६०-एक्सवर स्टार्टअप कॉन्फिग फ्लॅशमध्ये 'कॉन्फिग डॉट टेक्स्ट' नावाने असते, आणि लाइट आल्यावर स्विच तीच वाचतो. प्रत चार ठिकाणी आहे म्हणून बदल आपोआप सेव्ह होतात असा समज फार जणांचा असतो. सेव्ह केलेलीच कॉन्फिग टिकते, मग मेंबर एक असो की आठ. आपल्याकडे एप्रिल-मेच्या वादळात दिवसातून चार-चार वेळा लाइट जाते आणि जिन्याखालच्या रॅकमधला यूपीएस कधीच मान टाकून बसलेला असतो. तिथे 'संध्याकाळी सेव्ह करतो' हे चालत नाही. पोर्टचं काम झालं, माणसाने 'चाललं' म्हटलं, की त्याच क्षणी सेव्ह.

आता जळालेल्या मेंबरकडे येऊ. मास्टरवर 'शो स्विच' द्या. चार ओळी दिसतील. ज्या नंबरच्या अलीकडे चांदणी आहे त्याच्यातून तुम्ही आत्ता बोलताय. तीन ओळींच्या शेवटी 'रेडी' असेल. तिसऱ्या मेंबरच्या ओळीत मॅक ॲड्रेसच्या (प्रत्येक डब्याच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाच्या) जागी सगळी शून्यं आणि शेवटी 'प्रोव्हिजन्ड' असेल. याचा अर्थ स्विच हजर नाही, पण त्याची जागा राखून ठेवलेली आहे. 'शो रन' मध्ये वरच्या भागात 'स्विच ३ प्रोव्हिजन' आणि पुढे मॉडेलचं नाव, अशी ओळ सापडेल, आणि खाली ३/०/१ ते ३/०/४८ सगळी पोर्टं आपापल्या व्हीलॅनसकट (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या नेटवर्कच्या कप्प्यांसकट) उभी असतील. त्याच नंबरचा, त्याच मॉडेलचा स्विच आला की हे सगळं त्याला लागू होतं. एक ओळही टाइप करावी लागत नाही.

म्हणून मधल्या काळात साफसफाई करू नका. लातूरच्या एका दवाखान्यात नव्या पोराने 'स्विच नाहीये तर त्याच्या ओळी कशाला' म्हणून 'नो स्विच ३ प्रोव्हिजन' दिलं आणि वर सेव्हही केलं. ४८ पोर्टचं वर्णन, फोनचे व्हीलॅन, कुठलं पोर्ट एक्स-रेच्या मशीनचं आणि कुठलं औषधाच्या काउंटरचं, सगळं एका ओळीत गेलं. ती कमांड मेंबर कायमचा काढल्यावर द्यायची असते.

इथपर्यंत सोपं आहे. पण काही गोष्टी त्या सामायिक कॉन्फिगच्या बाहेर, प्रत्येक डब्याच्या आत वेगळ्या राहतात. माझ्या मते स्टॅकचं काम येणं म्हणजे या गोष्टी कुठे राहतात ते पाठ असणं.

पहिली, मेंबर नंबर. तो त्या त्या स्विचच्या फ्लॅशमध्ये राहतो. नव्या स्विचचा नंबर १ असतो. दुसरी, प्रायॉरिटी, १ ते १५. नवीन स्विचवर १ असते. मास्टर निवडताना जास्त प्रायॉरिटीवाला जिंकतो, आणि बाकी सगळं बरोबरीत असेल तर सगळ्यात लहान मॅक ॲड्रेसवाला. लहान मॅक बहुतेक वेळा जुन्या स्विचचा असतो. म्हणजे प्रायॉरिटी ठरवली नसेल तर तुमचा सगळ्यात म्हातारा स्विच मास्टर होऊन बसतो. हे नंबर आणि प्रायॉरिटी, सेव्ह केलेली कॉन्फिग पुसणारं 'राइट इरेज' दिल्याने जात नाहीत, हे लक्षात ठेवा. स्विच कोरा केला असं आपल्याला वाटतं आणि जुनी प्रायॉरिटी आत तशीच बसलेली असते. तिसरी गोष्ट व्हीलॅनची यादी. व्हीटीपी (व्हीलॅनची यादी स्विचमध्ये वाटणारी सोय) सर्व्हर मोडमध्ये असेल तर १ ते १००५ पर्यंतचे व्हीलॅन कॉन्फिगमध्ये लिहिलेच जात नाहीत, ते 'व्हीलॅन डॉट डॅट' या वेगळ्या फाइलमध्ये राहतात. आणि चौथी, एसएसएचची (दूरवरून सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीची) किल्ली. तीही 'शो रन' मध्ये येत नाही. दुसऱ्या डब्यावर कॉन्फिग टाकली तर 'क्रिप्टो की जनरेट आरएसए' पुन्हा द्यावं लागतं, नाहीतर एसएसएचने आत जाता येत नाही आणि माणूस पासवर्ड चुकला म्हणून डोकं धरून बसतो.

यातल्या दोन गोष्टींनी मला एका रात्रीत धडा दिला. दहा-बारा वर्षं झाली असतील. बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ऐन गळीत हंगामात दोन स्विचच्या स्टॅकला तिसरा जोडायला गेलो होतो. तिसरा स्विच दुसऱ्या जागेवरून काढलेला, वापरलेला. 'राइट इरेज' देऊन कोरा करून आणला होता. रॅकमध्ये बसवला, आधी पॉवर दिली, लाइट हिरवे झाले, म्हटलं व्यवस्थित आहे, आणि चालू असतानाच मागच्या स्टॅक केबल लावल्या.

चालू असलेला एक स्टॅक आणि चालू असलेला एकटा स्विच जोडला की दोन मास्टर समोरासमोर येतात. त्यातला एकच राहतो. प्रायॉरिटी ज्याची जास्त तो जिंकतो. हरलेल्या बाजूचे सगळे स्विच रीलोड होतात आणि जिंकलेल्याची कॉन्फिग घेऊन वर येतात. माझ्या त्या कोऱ्या स्विचमध्ये जुन्या जागेवरची १५ प्रायॉरिटी तशीच होती. कारखान्याच्या स्टॅकवर कुणी प्रायॉरिटी लावलेलीच नव्हती, दोघंही १ वर. मी बघत असताना दोन्ही जुन्या स्विचचे लाइट एकदम गेले. काही मिनिटांनी तिघंही वर आले, तिघांवर एकच कॉन्फिग, आणि ती कोरी.

वजनकाट्यावरून फोन आला, 'सर, काट्याची पावती निघंना.' बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची रांग. जनावरं जुंपलेली, माणसं थंडीत शेकोट्या करून बसलेली. काटा झाल्याशिवाय गाडी गव्हाणीकडे जात नाही. लॅपटॉपवर पाच महिन्यांपूर्वीची कॉन्फिग होती, ती स्टार्टअपवर टाकून रीलोड केलं. पोर्टं वर आली, लाइट हिरवे, पण काटा बंदच. 'शो इंटरफेस स्विचपोर्ट' मध्ये पाहिलं तर ॲक्सेस व्हीलॅन ३० आणि त्याच्यापुढे कंसात 'इनॲक्टिव्ह'. कॉन्फिगमध्ये पोर्ट व्हीलॅन ३० मध्ये होतं, पण व्हीलॅन ३० नावाची वस्तूच स्विचवर उरली नव्हती, कारण ती 'व्हीलॅन डॉट डॅट' मध्ये होती आणि त्या फाइलचा बॅकअप मी कधी घेतलाच नव्हता. कागदावर आठवून आठवून व्हीलॅन टाकले. काटा सुरू व्हायला अडीच तास गेले. रांगेतल्या त्या माणसांचा माझ्या प्रायॉरिटीशी काय संबंध होता? ते अडीच तास त्यांचे गेले.

तेव्हापासून स्टॅकमध्ये जाणारा कुठलाही स्विच, नवा असला तरी, मी आधी टेबलावर एकटा चालू करतो. नेटवर्कची एकही केबल नाही, फक्त कन्सोल, म्हणजे लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी केबल, ९६०० च्या वेगावर. 'राइट इरेज', मग 'डिलीट फ्लॅश व्हीलॅन डॉट डॅट'. मग 'शो स्विच' मध्ये प्रायॉरिटी बघायची आणि १ नसेल तर 'स्विच १ प्रायॉरिटी १'. मग नंबर. तुमच्यासाठी 'स्विच १ रीनंबर ३'. यावर तो इशारा देतो की नंबर बदलल्याने कॉन्फिग बदलू शकते. टेबलावरच्या कोऱ्या स्विचवर त्याने काही बिघडत नाही, होय म्हणा. नवा नंबर रीलोडनंतर लागू होतो, तेव्हा रीलोड करून खात्री करा आणि रीलोडच्या वेळी सेव्ह विचारलं तर नाही म्हणा. तुमच्याकडे १, २ आणि ४ हजर असल्याने १ नंबरचा स्विच जोडला तरी तो मोकळा असलेला ३ उचलेल. पण उद्या दोन मेंबर एकदम गेले तर कोण कुठला नंबर घेईल याचा भरवसा नाही, आणि नंबर चुकला की प्राचार्यांच्या केबिनचं पोर्ट लॅबच्या व्हीलॅनमध्ये. त्यापेक्षा दोन मिनिटं टेबलावर घालवलेली परवडतात.

सॉफ्टवेअरची आवृत्तीही टेबलावरच जुळवा. 'शो व्हर्जन' च्या तळाशी प्रत्येक मेंबरचं मॉडेल आणि आवृत्ती असते. आवृत्ती जुळली नाही तर मेंबर स्टॅकमध्ये दिसतो, पण 'व्हर्जन मिसमॅच' म्हणून बाजूला बसतो आणि त्याची पोर्टं चालत नाहीत. मास्टर स्वतः आवृत्ती चढवायचा प्रयत्न करतो खरा, पण त्याला लागणारी इमेज फाइल बऱ्याचदा फ्लॅशमध्ये नसते. मॉडेलही डोळ्यांनी वाचा. जळालेला ४८ पोर्टचा होता आणि दुकानदाराने 'हाच आहे स्टॉकला' म्हणून २४ चा पाठवला, तर राखून ठेवलेली कॉन्फिग लागत नाही. स्टॅक त्याला डिफॉल्ट कॉन्फिग देतो आणि प्रोव्हिजनची ओळही नव्या मॉडेलप्रमाणे बदलतो. त्या अवस्थेत कुणी सेव्ह दिलं की जुनं वर्णन गेलं. आणखी एक, २९६०-एक्सचं मागचं स्टॅक मॉड्यूल वेगळं विकत घ्यावं लागतं. ऑर्डरमध्ये ते हमखास राहून जातं. जळालेल्या स्विचचं मॉड्यूल काढून बघा, वाचलेलं असेल तर तेच चालेल.

टेबलावरचं काम झालं की पॉवर काढा. बंद स्विच रॅकमध्ये बसवा, बंद असतानाच स्टॅक केबल लावा, रिंग पूर्ण करा, म्हणजे शेवटच्या स्विचची केबल परत पहिल्याकडे. आणि सगळ्यात शेवटी पॉवर द्या. बंद असलेला स्विच नंतर चालू झाला की तो चालू स्टॅकमध्ये मेंबर म्हणून येतो, मास्टर जागचा हलत नाही. तो वर आल्यावर 'शो स्विच' मध्ये चार 'रेडी', आणि 'शो स्विच स्टॅक-पोर्ट्स समरी' मध्ये सगळे दुवे 'ओके' पाहिजेत. एखादी केबल नीट बसली नसेल तरी स्टॅक चालतो, फक्त अर्ध्या रिंगवर. कुणाला कळत नाही. मग एक दिवस मधला स्विच बंद पडतो आणि स्टॅकचे दोन तुकडे होतात. दोन्ही तुकड्यांकडे तीच कॉन्फिग, तोच आयपी, आणि दोन्ही स्वतःला मास्टर समजतात. तो गोंधळ निस्तरण्यापेक्षा केबलचे स्क्रू आज हाताने आवळून बघा.

प्रायॉरिटीही आता ठरवून टाका. ज्या स्विचचा यूपीएस सगळ्यात धड आहे त्याला १५, दुसऱ्याला १४, बाकीच्यांना १. ही किंमत लगेच नोंदली जाते, पण चालू मास्टर त्यामुळे बदलत नाही. पुढच्या निवडीच्या वेळी ती कामाला येते. सोबत 'स्टॅक-मॅक पर्सिस्टंट टायमर ०' ही ओळ टाका. स्टॅकचा मॅक ॲड्रेस मास्टरचा असतो. मास्टर बदलला आणि मॅकही बदलला तर स्पॅनिंग ट्रीची (नेटवर्कमधले फेरे रोखणाऱ्या यंत्रणेची) ओळख बदलते, पोर्ट-चॅनेल (अनेक केबल मिळून केलेले दुवे) पडून पुन्हा उठतात, आणि कारण नसताना सगळं कॉलेज काही काळ अडतं. शून्य दिलं की जुना मॅक कायम राहतो. फक्त तो गेलेला जुना मास्टर दुरुस्त करून त्याच नेटवर्कमध्ये दुसरीकडे लावू नका, एकाच मॅकचे दोन धनी होतील.

आता बॅकअप. इथे स्टॅकचा एक खास खड्डा आहे. कॉन्फिगच्या जुन्या प्रती ठेवणारी 'अर्काइव्ह' सुविधा चांगली आहे. तिच्यात 'पाथ' दिला, 'राइट-मेमरी' ही ओळ टाकली की प्रत्येक सेव्हबरोबर एक प्रत तयार होते, आणि 'टाइम-पिरियड १४४०' दिलं की रोज एक, कारण तो आकडा मिनिटांत असतो. पण बहुतेक लोक पाथ 'फ्लॅश' देतात आणि निर्धास्त होतात. स्टॅकमध्ये नुसतं 'फ्लॅश' म्हणजे फक्त मास्टरचं फ्लॅश. दुसऱ्या मेंबरचं 'फ्लॅश२', तिसऱ्याचं 'फ्लॅश३'. चालू कॉन्फिगची प्रत सगळ्यांकडे जाते, अर्काइव्हच्या जुन्या प्रती जात नाहीत. तुमच्याकडे वीज तिसऱ्यावर पडली. मास्टरवर पडली असती तर सगळा इतिहास त्याच्याबरोबर गेला असता. पाथ बाहेरच्या मशीनचा द्या, आणि फाइल शक्य असेल तर एससीपी या सुरक्षित पद्धतीने पाठवा. टीएफटीपी या दुसऱ्या पद्धतीला ना पासवर्ड ना पडदा.

कॉलेजात लिनक्स येणारं कुणी असेल तर एखाद्या जुन्या पीसीवर 'ऑक्सिडाइज्ड' किंवा 'रॅन्सिड' बसवा, दोन्ही फुकट आहेत. ते ठरलेल्या वेळी स्विचवर जाऊन कॉन्फिग आणतात आणि बदल झाला असेल तर नवी आवृत्ती ठेवतात. ऑक्सिडाइज्ड गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत) ठेवू शकतं, त्यामुळे कुठल्या तारखेला कुठली ओळ बदलली हे समोरासमोर दिसतं. हे जमत नसेल तर महिन्यातून एकदा हाताने घ्या, पण फाइलच्या नावात तारीख टाका, आणि सोबत 'व्हीलॅन डॉट डॅट', 'शो स्विच', 'शो व्हर्जन', 'शो व्हीलॅन' आणि 'शो सीडीपी नेबर्स' यांचा मजकूर ठेवा. अडीच तास लागलेल्या त्या रात्री माझ्याकडे नुसतं 'शो व्हीलॅन' चं एक पान असतं तरी काटा कितीतरी आधी सुरू झाला असता. मी स्वतः आता लहान जागी 'व्हीटीपी मोड ट्रान्सपरंट' करून टाकतो. मग व्हीलॅन कॉन्फिगमध्येच लिहिले जातात आणि एकाच फाइलमध्ये सगळं येतं.

घड्याळही लावून घ्या. जुन्या २९६० आणि ३७५० चं घड्याळ लाइट गेली की पुसलं जातं आणि नोंदी १ मार्च १९९३ पासून सुरू होतात. त्यावरून कुठला बदल कधी झाला हे काय कळणार? एनटीपी (नेटवर्कवरून वेळ देणारा) सर्व्हर द्या, 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' द्या. अर्काइव्हच्याच खाली 'लॉग कॉन्फिग' मध्ये 'लॉगिंग एनेबल' आणि 'हाइडकीज' टाकलं की कुणी, कधी, कुठली कमांड दिली हे राहतं आणि पासवर्ड दिसत नाहीत. ज्या कॉलेजात तिघंजण एकच पासवर्ड वापरतात तिथे आधी प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, मगच या नोंदीला अर्थ.

बॅकअप परत टाकताना होणारी चूक सगळीकडे सारखी आहे. बॅकअप फाइल रनिंग कॉन्फिगवर कॉपी केली की ती आधीच्या कॉन्फिगमध्ये मिसळते, तिची जागा घेत नाही. चुकीच्या जादा ओळी तशाच राहतात. पोर्ट 'शटडाउन' असेल तर ते बंदच राहतं, कारण बॅकअपमध्ये 'नो शटडाउन' ही ओळ लिहिलेलीच नसते. चालू पोर्ट हीच तिथली सामान्य स्थिती. जसंच्या तसं परत हवं असेल तर 'कॉन्फिगर रिप्लेस' वापरा. तो फरक काढतो, जादा ओळी काढतो, कमी ओळी घालतो, आणि रीलोड लागत नाही. आधी 'शो अर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस' ने दोन फाइलींतला फरक वाचून घ्या. वाचल्याशिवाय एंटर दाबू नका.

दूरवरून काम करताना 'कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टाइमर १०' ने आत जा. अर्काइव्हचा पाथ दिलेला असला की ही सोय चालते. दहा मिनिटांत तुम्ही 'कॉन्फिगर कन्फर्म' दिलं नाही, म्हणजे स्वतःच्याच चुकीने बाहेर फेकले गेलात, तर स्विच जुन्या कॉन्फिगवर परत येतो. पूर्वी आम्ही यासाठी 'रीलोड इन १०' देऊन ठेवायचो. स्टॅकवर ते नको, कारण नुसतं 'रीलोड' म्हणजे सगळे मेंबर एकदम. एकट्या तिसऱ्याला चालू-बंद करायचं तर 'रीलोड स्लॉट ३'. शब्द दोनच जास्त आहेत, पण ते विसरले तर १९२ पोर्टं एकदम जातात. मी मोठ्याने उच्चारून मगच टाइप करतो.

कॉन्फिग फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नका. 'सर जरा बघता का' म्हणून मला दर आठवड्याला कुणी ना कुणी पूर्ण फाइल पाठवतं. तिच्यात एसएनएमपीची (स्विचवर दूरवरून नजर ठेवायच्या सोयीची) पासवर्डसारखी नावं असतात, आणि टाइप ७ चे पासवर्ड उलगडायला काही सेकंद पुरतात, त्याची साधनं सर्रास मिळतात. 'सीक्रेट' वापरा, 'पासवर्ड' नाही, आणि पाठवायचीच असेल तर त्या ओळी काढून पाठवा.

याच ओघात एक ओळ आत्ता तपासा: 'शो व्हीस्टॅक कॉन्फिग'. नावात स्टॅक असलं तरी याचा आपल्या स्टॅकशी संबंध नाही. ही स्मार्ट इन्स्टॉल नावाची सोय आहे, नवे स्विच दूरवरून आपोआप कॉन्फिगर व्हावेत म्हणून दिलेली. ती ४७८६ या टीसीपी पोर्टवर ऐकत बसते आणि समोरचा कोण हे विचारत नाही. एप्रिल २०१८ मध्ये हिचा गैरवापर करून इराण आणि रशियासह अनेक ठिकाणच्या स्विचच्या स्टार्टअप कॉन्फिग पुसल्या गेल्या. वापरत नसाल तर 'नो व्हीस्टॅक' द्या आणि सेव्ह करा.

मॉडेल किंवा कंपनी बदलली की शब्द बदलतात. सिस्कोच्याच ३८५० आणि ९३०० वर मास्टरला ॲक्टिव्ह म्हणतात आणि एक स्टँडबाय आधीच तयार बसलेला असतो. तिथे प्रायॉरिटीची कमांड कॉन्फिग मोडच्या बाहेरून द्यावी लागते. अरुबा कंपनीच्या काही स्टॅकमध्ये मास्टरला कमांडर म्हणतात. जुनिपर कंपनीच्या स्विचवर काम करायला मला मनापासून आवडतं. तिथे 'कमिट' केल्याशिवाय बदल लागूच होत नाही, 'कमिट कन्फर्म्ड' दिलं की दहा मिनिटांत दुजोरा नसेल तर आपोआप मागे जातं, आणि चालू धरून ५० आवृत्त्या, ० ते ४९, जवळ राहतात.

तुमचं आजचं काम एवढंच: नव्या स्विचला हात लावण्याआधी मास्टरवर लॉगिन करा. 'शो रन' मध्ये ३/०/१ ते ३/०/४८ दिसतात का बघा. दिसत असतील तर राइट मेमरी द्या, 'शो रन' आणि 'व्हीलॅन डॉट डॅट' दोन्ही बाहेरच्या मशीनवर घ्या आणि फाइल उघडून शेवटची ओळ 'एंड' आहे ना ते वाचा. मग स्विच टेबलावर घ्या. गेलेले बदल आठवायला लॅबवाल्यांना आणि ऑफिसच्या मामांना विचारा, कुठला पीसी कुठे हलवला हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. आणि स्विच रॅकमध्ये चढवण्याआधी त्या रॅकचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून मोजून घ्या. शेजारच्या इमारतीतून तांब्याची केबल उघड्यावरून आली असेल तर तिथे फायबर टाका. तिसराच स्विच का जळाला, याचं उत्तर मला त्या केबलमध्ये दिसतंय. तिच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघून कळवा.